तिसऱ्या कणगीत चौथीचा ताप

गेल्या महिन्यात कर्जतच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मी केबलचा भाव करत होतो. पाऊण तास खपून मालकाला जवळजवळ माझ्या आकड्यावर आणला होता. तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ मला निरखून म्हणाला, "तुम्ही खोपोलीचे ना? ते एकाने चुकलेले?"

दुकानदार हसला. समोरचा एकदा हसला की घासाघीस मेली. मी केबल न घेता बाहेर पडलो आणि पुढच्या दुकानात चढ्या भावाने घेतली.

हे लिहायला बसलो त्याचं कारण एवढंच. पस्तीस वर्षं या पट्ट्यात मी यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावतोय. खोपोलीच्या कारखान्यांत, कर्जतच्या भात गिरण्यांत, कोंबड्यांच्या शेडांत, फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावांत. त्यातलं एक काम एका आकड्याने चुकलं आणि लोकांना तेवढंच आठवतं. बाकीची शेकडो कामं बरोबर आली, त्याबद्दल आजवर एकाही अनोळखी माणसाने मला दुकानात अडवलेलं नाही. तेव्हा जे घडलं ते मीच सांगतो. निदान बरोबर तरी सांगितलं जाईल.

मी सातवी पास. खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रं पुसायला लागलो, तिथे साहेब लोक टाकून द्यायचे ती यंत्रांची पुस्तकं घरी नेऊन वाचायचो. इंग्रजी मी असं शिकलो. त्यामुळे 'धोका', 'हात लावू नये' आणि 'कंपनी जबाबदार नाही' एवढं इंग्रजी मला फार चांगलं येतं, बाकी बेताचं. कारखाना बंद पडला तेव्हा स्वतःचं सुरू केलं. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी भाव पाडून मागितला नसता तर तो शांत राहिला असता.

आमचा धंदा काय, ते थोडक्यात सांगतो. तापमान, दाब, पाण्याची पातळी असलं काही मोजणारा एक डबा असतो. त्याच्या पोटात खणांची रांग असते, टपाल कचेरीत असते तशी, आणि प्रत्येक खणात एकच आकडा. दुसरीकडे एक स्क्रीन असते. ती तारेवरून दर सेकंदाला विचारते, अमुक नंबरच्या खणात काय आहे? डबा आकडा सांगतो. आकडा कोणाचा, कशाचा, ते सांगत नाही. म्हणून स्क्रीनने चुकीचा खण विचारला तरी आलेला आकडा खोटा दिसत नाही. तो खराच असतो, फक्त शेजाऱ्याचा असतो.

आणि शेजाऱ्याचा आकडा येण्याचं कारण म्हणजे या डब्यांचं मोजणं. पुस्तकात पहिल्या खणाला चाळीस हजार एक म्हणतात. त्यातलं चाळीस हजार हे नुसतं आडनाव. तारेवरून आडनाव जात नाही, नाव तेवढं जातं. आता पहिल्याचं नाव काय? काही कंपन्यांचे डबे म्हणतात 'एक', काही म्हणतात 'शून्य'. म्हणजे एकाचा पहिला तो दुसऱ्याचा शून्यावा. इमारतीत जसा कोणी तळमजल्याला पहिला मजला धरतो, कोणी जिना चढल्यावर येतो त्याला, आणि कुरिअरवाला भलत्याच दारात बेल वाजवतो, तसं. आपण कुठून मोजतो हे डब्याच्या झाकणावर छापायला कंपन्यांचं काय जातं, हे मी आजवर भेटलेल्या प्रत्येक विक्रेत्याला विचारलंय. ते म्हणतात, पुस्तकात आहे. पुस्तकात आहे खरं, पण शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

दुसऱ्यांच्या असल्या चुका मी डोळे मिटून पकडायचो. माथेरानच्या एका हॉटेलात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मॅनेजरच्या टेबलावर दिसेल अशी सोय कोणीतरी करून दिली होती. मॅनेजर रोज वहीत लिहायचा, पाणी २३२, पाणी २२९, पाणी २३१. टाकी कायम भरलेली म्हणून खूश. एक दिवस पाहुणे साबण लावून उभे राहिले आणि नळ कोरडे. मला बोलावणं आलं. वर गाडी जात नाही, सामान घोड्यावर. घोडेवाला म्हणाला, तुमचा डबा खोगिरावर बसणार म्हणजे सवारीच झाली, सवारीचा दर लागेल. मी म्हटलं, मग त्याला फेटा बांध आणि पॉइंट दाखव. अर्ध्या वाटेपर्यंत भांडलो आणि डबा मीच डोक्यावर नेला. वर जाऊन पाहतो तर स्क्रीन टाकीच्या शेजारचा खण वाचत होती आणि त्या खणात विजेचा दाब होता. मॅनेजर तीन महिने वीज पीत होता. ज्या इंजिनिअरने हे केलं त्याला मी फोनवर जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. आता वाटतं थोडं कमी बोलायला हवं होतं.

कारण पुढच्याच हिवाळ्यात माझी पाळी आली.

कर्जत आणि खालापूरच्या हद्दीवर सुलभाताईंची बियाण्याची संस्था आहे. ताई पन्नाशीच्या, शाळेतली नोकरी सोडून यात पडलेल्या. आजूबाजूच्या गावांतली जुनी भातं त्या मूठ-मूठ मागून आणतात, वाढवतात आणि शेतकऱ्यांना पेरायला देतात. त्यांच्या गोदामात सहा पत्र्याच्या कणग्या आहेत, दोन माणसं उभी राहतील एवढ्या उंच. चौथ्या कणगीत लाल कुसाचं, म्हणजे दाण्याच्या टोकाला लाल केस असलेलं एक भात होतं. ते पेरणारी चार-दोन म्हातारी माणसं उरली होती. त्यांच्याकडून टोपलीभर गोळा करून तीन वर्षांत ताईंनी ते कणगीभर केलं होतं आणि येत्या जूनला पहिल्यांदा गावोगाव वाटायचं होतं. बाजारात ते मिळत नाही. कणगीत होतं तेवढंच होतं.

बियाण्याचं भात जिवंत असतं. कुठे ओल राहिली तर ते आतल्या आत तापतं, आणि तापलं की मरतं. दिसतं तसंच, शिजवलं तर भातही होतो, पण पेरलं तर उगवत नाही. म्हणून त्याचा ताप रोज पाहावा लागतो. हे काम उस्मानचाचा करायचे.

उस्मानचाचा जुने मापाडी. सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य धान्य मोजण्यात गेलेलं. त्यांची पद्धत अशी: लांब लोखंडी सळई भातात खुपसायची, बाहेर बसून चहा प्यायचा, मग सळई काढून गालाला लावायची. गाल सांगतो तो ताप खरा. रोज सकाळी सहा कणग्या, सहा वेळा गाल. चहा मात्र एकच, तो पुरवून प्यायचे.

मी ताईंना स्क्रीन विकायला गेलो तेव्हा चाचांच्या देखतच म्हणालो की आता ही गालाची भानगड नको. प्रत्येक कणगीत तापमानाची तार सोडू, ऑफिसात बसून सगळं दिसेल. चाचांना गेटवर खुर्ची द्या, आराम करू दे. चाचांनी सळई पुसून कोपऱ्यात ठेवली.

ताई भाव करण्यात माझ्या तोडीच्या. दोन दिवस आम्ही अडून बसलो. शेवटी त्यांनी मला इतकं खाली आणलं की मी तसाच मुंबईच्या बाजारात गेलो आणि तो राग डब्याच्या दुकानदारावर काढला. नेहमीच्या कंपनीचा डबा परवडेना. तो म्हणाला, दुसऱ्या कंपनीचा आहे, घ्या. मी तोही पिळला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "शेठ, एवढ्यात डबा येईल, पुस्तक येणार नाही. पुस्तक हवं तर भाव वेगळा." मी म्हटलं, असली पुस्तकं मी पस्तीस वर्षं वाचतोय, ठेव तुझ्याकडे. विजयी मुद्रेने बाहेर पडलो. बायकोला सांगून झालं, दोन मित्रांना सांगून झालं.

माझा नेहमीचा डबा एकपासून मोजायचा. या नव्याला मी सवयीने एकपासूनच विचारायला लावलं. तो शून्यापासून मोजणारा निघाला. पण तो बोलला, आणि सहाही आकडे ठीकठाक आले, सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस. हिवाळ्यात सगळ्या कणग्या सारख्याच थंड. कुणाचा आकडा कुणाच्या नावावर दिसतोय हे कोण ओळखणार?

ओळखायची रीत आहे. डब्यातून एकेक तार सोडवायची आणि स्क्रीनवर त्याच कणगीचा आकडा जातो का ते पाहायचं. दहा मिनिटांचं काम. पण तारा सोडायला आलेल्या कणगीवाल्यांच्या माणसांनी डबा उंदरांच्या भीतीने वर पत्र्याखाली बसवला होता आणि ते आपली शिडी घेऊन गेले होते. मी ताईंकडे शिडी मागितली. ताई म्हणाल्या, शिडी ठेकेदाराने आणायची. मी म्हटलं, शिडी मालकाची असते. त्या म्हणाल्या, कागदावर कुठे आहे? मी म्हटलं, माझी आहे असं तरी कुठे आहे? हे बोलणं चाललं होतं तेव्हा संस्थेची बांबूची शिडी आमच्यापासून पाच हातांवर भिंतीला टेकून उभी होती. मी तिला हात लावला असता तर मी हरलो असतो. ताईंनी बोट दाखवलं असतं तर त्या हरल्या असत्या. मी आकडे दिसताहेत ना, झालं तर, असं म्हणून गाडीला किक मारली.

ही माझी खरी चूक. आकड्याचं लोक उगीच सांगतात.

हिवाळा गेला. ऊन चढलं तशी स्क्रीनवरची सहावी कणगी रोज दुपारी तापायला लागली आणि संध्याकाळी आपोआप निवायची. ताईंनी विचारलं तर मी म्हटलं, ती पश्चिमेच्या भिंतीला आहे, ऊन लागतं. ताईंना पटलं. मलाही पटलं. स्वतःच्या थापेवर विश्वास बसणं हा या धंद्यातला मोठा धोका आहे आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही.

एप्रिलच्या मध्याला ताईंचा फोन आला. तिसरी कणगी अडतीसवर आहे आणि चढतेय. मी गेलो. खरं सांगतो, मला काळजीपेक्षा आनंद जास्त झाला होता. यंत्राने ताप पकडला होता. ताईंसमोर, गोदामात काम करणाऱ्या बायकांसमोर मी एक छोटं भाषणही केलं. मग तिसऱ्या कणगीला हवेचा पंखा लावला. तो एका वेळी एकाच कणगीला लागतो. आता उतरेल म्हणून सांगून घरी आलो.

उतरला नाही. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस, तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. पंखा रात्रंदिवस चालू. मी पुन्हा गेलो तेव्हा ताईंच्या आवाजातली धार गेली होती. त्या हळू बोलत होत्या, आणि ताई हळू बोलायला लागल्या की समजावं.

तेवढ्यात गेटवरून उस्मानचाचा उठून आले. हातात सळई. सकाळी कोणाला न विचारता ते शिडीवर चढले होते. मला म्हणाले, "जना, तिसरी थंड हाय. चवथी तापलीय."

मी स्क्रीनकडे बोट केलं. चौथी तिथे तीस दाखवत होती, गार.

"त्ये काचंत काय हाय मला नाय म्हाईत. गालाला चवथी लागली."

तीन दिवसांचा राग माझ्यात साठला होता आणि त्याला जागा मिळाली. मी म्हणालो, चाचा, तुमचं वय झालं. थंड आणि गरम तुम्हाला आता कळत नाही. उगाच मधे येऊ नका, गेटवर बसा. गोदामात सात-आठ बायका सुपं घेऊन बसल्या होत्या, त्यांची सुपं थांबली.

चाचा शांतपणे म्हणाले, "माझा गाल म्हातारा झालाय रं. सळई कुठं झालीय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन ती बांबूची शिडी उचलून आणली. कणगीला लावली. कोणाची शिडी, हे कोणी विचारलं नाही.

मी चढलो. तिसरीत सळई खुपसली. चहा प्यायला खाली उतरायची लाज वाटली म्हणून वरच बसून राहिलो. काढून गालाला लावली. थंड, माठासारखी. मग चौथीत घातली. ती काढून गालाला लावली आणि झटकन बाजूला केली. वास पण आला, शिळ्या भाकरीसारखा, आंबूस.

तरी मला वाटलं कणगीवाल्यांच्या माणसांनी तारा उलट्यासुलट्या जोडल्या असतील. शिव्या तयार ठेवून मी डब्याशी गेलो. तारा बरोबर होत्या, एक ते सहा, ओळीने. मग जे जानेवारीत करायचं ते एप्रिलमध्ये केलं. एक नंबरची तार सोडवली आणि ओरडून विचारलं, ताई, कोणता गेला? ताई खालून म्हणाल्या, कोणताच नाही. दोन नंबरची सोडवली. पहिली कणगी गेली. तीन नंबरची, दुसरी गेली. असं करत सहावी सोडवली तर स्क्रीनवरची पाचवी गेली. सहाही तारा माझ्या हातात लोंबत होत्या आणि स्क्रीनवरची सहावी कणगी मात्र मजेत एकोणचाळीस दाखवत होती.

आता हे सगळं पाहिल्यावर माझ्यासारख्याला कळायला हवं होतं. माथेरानला कळलं असतं. पण दुसऱ्याची चूक शोधताना डोकं चालतं तसं आपली शोधताना चालत नाही. मी शिडीवर तसाच उभा.

चाचांनी खालून विचारलं, नक्की काय होतंय? मी म्हटलं, मी पहिल्याचं विचारतो, डबा दुसऱ्याचं सांगतो.

चाचा म्हणाले, "अरं मंग त्याला इचार ना, बरकत धरलीय का सोडलीय."

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. मापाडी भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. हिंदू मापाडी 'लाभ' म्हणतो, चाचांच्यात 'बरकत' म्हणतात, मग पुढे दोन, तीन. पण काही जणांची रीत वेगळी. ते बरकतीचं माप मोजणीत धरतच नाहीत, ते वरचं, देवाचं. त्यांचा एक दुसऱ्या मापापासून सुरू होतो. म्हणून दोन गावांचे मापाडी एका राशीवर आले की माप उचलायच्या आधी एकमेकांना विचारायचं, बरकत धरायची का सोडायची. न विचारता मोजलं की एका मापाचा फरक, आणि संध्याकाळपर्यंत डोकी फुटायची.

"दोगं मोजनारे असले की आदी इचारायचं," चाचा म्हणाले. "तू इचारलंस का तुज्या डब्याला?"

नव्हतं विचारलं. तेवढ्यासाठी ते पुस्तक होतं.

मी तारा पुन्हा जोडल्या, खाली आलो, स्क्रीनमध्ये एक होता तिथे शून्य केला. आकडे एकेका घराने सरकले. तिसरी तीस. चौथी पंचेचाळीस. सहावी एकोणतीस, आणि उन्हाने तापणारी ती पूर्वीची सहावी कुठेच नव्हती. कारण ती कणगी नव्हतीच. सातव्या खणात डबा स्वतःच्या अंगाचं तापमान ठेवतो. तो पत्र्याखाली टांगलेला, दुपारी तापायचा. तीन महिने आम्ही बियाणं म्हणून डब्याचाच ताप पाहत होतो.

तीन दिवस मी निरोगी कणगीला वारा घालत होतो आणि शेजारची आजारी तशीच भाजत होती. ताईंनी भांडायला हवं होतं. मी उत्तरंही तयार केली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी ते बाहेर काढू."

कणगी रिकामी करायला दुपार आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. बायका, ताई, मी, सगळे टोपल्या वाहत होतो. सावलीत ताडपत्र्या अंथरल्या. चाचा वर बसून मूठ-मूठ हुंगत सांगत होते, ही इकडं, ही तिकडं. तीन ढीग झाले. वरचा, तापलेला, छोटा. मधला, शंकेचा. खालचा, चांगला. मग प्रत्येक ढिगातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठवड्याने उघडायचे. शंभरात ऐंशींना मोड आले तर बियाणं, नाहीतर धान्य. हा नियम माझा नाही, ताईंचाही नाही, बियाण्याचाच आहे.

तो आठवडा मला कामं सुचली नाहीत. चौथ्या दिवशी मी चाचांच्या घरी गेलो. चाचींनी चहा दिला. मी म्हटलं, चाचा, चुकलं माझं.

चाचांनी बशी खाली ठेवली. "तू बोल्लास कुठं?"

"गोदामात."

"मानसं किती व्हती?"

"सात-आठ."

"मंग हितं घरात काय बोलतोस?"

मी म्हटलं, ठीक आहे, ताईंसमोर बोलतो. चाचा म्हणाले, आठ. मी म्हटलं, ताई आणि त्या दोघी-तिघी जुन्या बायका, चार धरा. ते म्हणाले, बाकीच्या चौघींनी कान बंद केले होते काय? मी म्हटलं, त्यातली एक आता पनवेलला मुलीकडे गेलीय. चाचांनी विचार केला आणि ती एक सोडली. सातवर तुटलं. आयुष्यात मी एवढ्या कमी फरकाने कुठलाच सौदा केलेला नाही.

गोणपाटं उघडायच्या दिवशी त्या सातही जणी होत्या. ताई मांडी घालून बसल्या. मोजायचं चाचांनी. पहिला वरचा ढीग उघडला. मोजायची गरजच नव्हती. मोड आलेले नऊ. बाकीचे दाणे फुगून काळपट पडले होते. ताईंनी ते गोणपाट पुन्हा दुमडलं, नीट, कपडा घडी करतात तसं. मग खालचा ढीग. त्र्याण्णव. बायका हलल्या, कोणीतरी श्वास सोडला. निदान लाल कुसाचं भात जगातून गेलं नव्हतं.

मधला ढीग सगळ्यात मोठा होता. तो जगला तर गावोगाव वाटप होणार, नाहीतर तीन वर्षांतलं दीड वर्ष वाया. चाचा एकेक दाणा बोटाने बाजूला सारत होते. सत्तर झाले, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशीवर बोट थांबलं. एकवीस दाणे उरले होते आणि त्यातल्या एकाच्या टोकाला पांढरा ठिपका होता, मोहरीच्या निम्मा.

मी म्हटलं, हा आला.

"नाय आला," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, येतोय. उद्यापर्यंत येईल. एक दिवस थांबू. दिवस नको तर संध्याकाळपर्यंत. चाचा, तुम्ही डोळ्याजवळ धरून बघा. ताई, तुम्ही बघा. मी त्या दाण्यासाठी जेवढा भांडलो तेवढा स्वतःच्या घराच्या सौद्यात भांडलो नव्हतो.

चाचांनी तो दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "जना, हा ऐकत नाय कुनाचं. ह्याच्याशी काय घासाघीस करतोस."

ताई म्हणाल्या, एकोणऐंशी लिहा. मधला ढीग संस्थेच्या नावाने वाटायचा नाही. कोणाला बियाण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन आपल्या खाचरात पेरायचं असेल तर न्यावं, दाट पेरावं, आणि पिकलं तर जेवढं नेलं तेवढं परत आणून द्यावं.

तेव्हा मी उभा राहिलो आणि चाचांना जे बोललो होतो ते त्या सात जणींसमोर परत घेतलं. मला असलं बोलता येत नाही. मध्येच अडलो, तर एक बाई म्हणाली, सावकाश बोला भाऊ, आम्हाला घाई नाही. चाचा भिंतीकडे बघत होते, पण ऐकत होते, कारण संपल्यावर म्हणाले, "गाल ऱ्हायला." गाल म्हातारा झाल्याबद्दल वेगळं बोलायचं राहिलं होतं. तेही बोललो. दुसऱ्या सकाळपासून चाचांचा फेरा पुन्हा सुरू झाला. स्क्रीनही चालू आहे. रोज दोघांचं जुळलं तरच दिवस सुरू होतो, असा ताईंचा नियम.

मग मी ताईंकडे मधल्या ढिगातलं बियाणं मागितलं. खालापूरकडे भावाच्या वाट्याला लागून माझं थोडं खाचर आहे, कित्येक वर्षं पडून होतं. ताई म्हणाल्या, एक टोपली न्या, तुम्हाला सवय नाही. मी तीन मागितल्या. दोनवर तुटलं.

जूनमध्ये पेरलं. मी आणि भाऊ रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी चिखलातून हिरव्या सुया दिसायला लागल्या. लाल कुसाच्या भाताचं रोप बुडाशी किंचित जांभळं असतं, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी चाचांना गाडीवर बसवून घेऊन आलो. ते बांधावर उकिडवे बसले, वाफ्यावरून हात फिरवला, रोपांच्या मधली मोकळी जागा बोटांनी मोजली. मग माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"दाट टाक म्हनलं व्हतं ताईनी. हितं पन हात आखडलास?"

मी म्हटलं, दोन टोपल्या सगळ्या खाचराला पुरवायच्या होत्या.

चाचांनी वाफ्यातलं एक रोप हलकेच ओढून पाहिलं. मुळाने चिखल धरून ठेवला होता. ते सोडून हात पुसत म्हणाले, "चल, धरलंय त्यानं."